पाण्याचा अंदाज येतो कसा? वाचकांचे प्रश्न : ओढा, डोह आणि पायवाटा

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की नेचर पार्क, तिथल्या पायवाटा आणि ओढ्यातलं पोहणं याबद्दल काय विचारायचं ते विचारा. पत्रं एवढी आली की सगळी छापायची म्हटली तर अख्खा अंक त्यातच जाईल. बरेचसे प्रश्न फिरून तेच होते म्हणून काही एकत्र केले, काही कापले, नावं सगळ्यांचीच काढली. आणि आधीच सांगते, पोहण्याला जागा जास्त दिलीये आणि चालण्याला कमी, कारण पायवाटेवर चुकलं तर बहुतेक वेळा पाय मुरगळण्यावर भागतं, पाण्यात तसं नसतं.

ताई, आमच्या जवळच्या पार्कात ओढ्याला एक डोह आहे. पाणी एकदम स्वच्छ, तळ दिसतो, छातीएवढं असेल असं वाटतं. मुलगा म्हणतो शेजारच्या खडकावरून सूर मारतो. मी नको म्हटलं तर म्हणतो, अगं तळ दिसतोय ना, मग घाबरायचं काय. तुम्हीच सांगा कोण बरोबर.
— कॉलेजात जाणाऱ्या मुलाची आई

तुम्ही बरोबर. तळ दिसणं आणि तळ कळणं यात फार फरक आहे हो. शाळेत शिकलेलं प्रकाशाचं अपवर्तन आठवतंय का, त्याच्यामुळे पाणी वरून सरळ बघितलं तरी खऱ्या खोलीच्या साधारण पाऊणपटच दिसतं, म्हणजे चार फूट पाणी तीन फुटांचं वाटतं, आणि काठावरून तिरकं बघत असाल तर त्याहूनही उथळ वाटतं. पोहता न येणारे लोक नेमके इथेच फसतात, कमरेएवढं समजून पाय टाकतात आणि पाणी छातीच्या वर येतं. पेपरात ते ठरलेलं वाक्य असतं ना, 'पाण्याचा अंदाज न आल्यामुळे', त्यातल्या बऱ्याच बातम्यांच्या मागे एवढी साधी गोष्ट असणार असं मला वाटतं.

आता चिरंजीव म्हणतील, मग बरंच आहे की, दिसतंय त्यापेक्षा खोलच असेल. असेलही, पण ओढ्याचा तळ स्विमिंग टँकसारखा सपाट नसतो. एका जागी सहा फूट आणि हातभर पलीकडे पाण्याखाली दीड फुटावर खडक, असं सर्रास असतं, आणि दर मोठ्या पावसानंतर वाळू, गोटे, लाकडाचे ओंडके जागा बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी इथेच उडी मारली होती याला काही अर्थ राहत नाही. डोक्यावर उडी चुकली की मार मानेवर येतो, आणि मानेतला मज्जारज्जू दुखावला तर हातापायांची हालचाल कायमची जाऊ शकते. वयाच्या विशीत. ओढ्यात सूर मारायचाच नाही, हा नियम मी तरी वाकवत नाही. उडीची फारच हौस असेल तर आधी त्या दिवशी, त्याच जागी, पाण्यात उतरून पायाने तळ चाचपून यायचं, मग पाय खाली ठेवून उडी, आणि तीही बुटक्या खडकावरून. पार्कवाल्यांनी उडी मारू नका अशी पाटी लावलेली असेल तर एवढाही विषय उरत नाही.

पाण्याला ओढ आहे की नाही हे काठावरून कळतं का? वरून तर सगळं शांतच दिसतं.
— पोहायला नुकताच शिकलेला एक वाचक

कळतं, पण त्याला थोडा वेळ द्यावा लागतो आणि तोच कोणी देत नाही. चालून चालून अंग तापलेलं असतं, ओढा दिसला की बॅगा फेकून लोक पाण्यात. माझं म्हणणं एवढंच की दहा मिनिटं काठावर बसा, काही खा, आणि बसल्या बसल्या पाण्याकडे बघा.

ट्रिक वगैरे नको म्हणायला, पण एक सोपी गोष्ट करून बघा. काठाने दहा पावलं मोजा, साधारण सात मीटर होतात. वरच्या टोकाला प्रवाहाच्या मधोमध एक काटकी किंवा वाळलेलं पान टाका आणि खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. सात सेकंद लागले तर पाणी सेकंदाला एक मीटर चाललंय. ऐकायला काहीच वाटत नाही, पण जगातले सगळ्यात वेगवान जलतरणपटू ५० मीटरला २१ सेकंदांच्या आसपास घेतात, म्हणजे सेकंदाला २.४ मीटर, आणि तुमच्याआमच्यासारखे लोक सेकंदाला एक मीटरसुद्धा धड जात नाहीत. म्हणजे त्या पाण्यात तुम्ही उलटं पोहायला लागलात तर जिवाच्या आकांताने हातपाय मारूनही आहात तिथेच, आणि दमलात की खाली. शिवाय पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणून तर घोट्याच्या जरा वर येणारं पाणीसुद्धा जोरात असेल तर धडधाकट माणसाला आडवं करतं. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो वजन, ते अंगावर येतंय हे विसरायचं नाही. ओढा ओलांडायचा असेल तर गुडघ्याच्या वर वाहतं पाणी दिसलं की परत फिरलेलं बरं.

जागा निवडताना वळण बघा. ओढा जिथे वळतो तिथे बाहेरच्या बाजूला पाणी वेगात आणि खोल असतं, तो काठ पोखरलेला असतो. आतल्या बाजूला वेग कमी होतो म्हणून वाळू आणि गोटे साचतात आणि पाणी उथळ असतं. मुलांना घेऊन बसायचं तर आतली बाजू. पाण्यावर 'व्ही' आकाराच्या रेघा दिसल्या आणि त्याचं टोक वरच्या दिशेला, म्हणजे पाणी जिकडून येतंय तिकडे असेल, तर टोकाशी पाण्याखाली खडक लपलेला आहे असं समजा. टोक खालच्या दिशेला असेल तर दोन खडकांच्या मधून पाणी निघतंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतरायच्या आधी ओढ्याच्या काठाने खालच्या अंगाला शंभर दोनशे पावलं चालून या. समजा मी वाहत गेले, तर कुठे जाईन? पुढे उथळ वाळूचा पट्टा असेल तर छान. पण पुढे धबधबा असेल, छोटा बंधारा असेल किंवा पाण्यात आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा कितीही सुंदर असो, तिथे उतरायचं नाही. पडलेलं झाड लोकांना आधार वाटतं, प्रत्यक्षात ते चाळणीसारखं काम करतं, पाणी फांद्यांतून निघून जातं आणि माणूस अडकून राहतो, वर मागून पाणी दाबत राहतं. बंधारा तर आणखी फसवा, दिसायला कमरेएवढी भिंत आणि त्यावरून गुळगुळीत पाणी, पण पायथ्याशी पाणी गोल फिरत असतं आणि त्यात सापडलेल्याला परत परत भिंतीकडे ओढून घेतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही.

तरीही कधी वाहत गेलातच तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. सगळ्यांना तेच सुचतं आणि तेच चुकतं, पाय दोन दगडांच्या बेचक्यात अडकतो आणि पाणी अंगाला पुढे वाकवतं, मग उथळ पाण्यातही डोकं खाली जातं. पाठीवर व्हायचं, पाय पुढे म्हणजे प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ, म्हणजे खडक आला तर पायाने ढकलता येतो, आणि तिरकं तिरकं काठाकडे सरकत राहायचं. पाणी गुडघ्याच्या खाली आलं की मगच उभं राहायचं.

उन्हात दोन तास चालून घामाघूम झालो होतो, ओढ्यात उडी मारली तर श्वासच अडकला, छाती धडधडायला लागली. नंतर ठीक वाटलं. हे हार्टचं काही असेल का?
— वय ४६

तुमच्या हार्टबद्दल पत्रातून सांगणं बरोबर नाही, ते डॉक्टरांना दाखवून घ्याच, बीपी वगैरे असेल तर आधी. पण तुम्ही लिहिलंय ते गार पाण्याच्या धक्क्याचं अगदी नेहमीचं वर्णन आहे. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता खेचून घेतं. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर हा धक्का जोरात बसतो, कातडी एकदम गार पडली की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, मग धाप, नाडी आणि बीपी दोन्ही वर. आता तो पहिला श्वास ओढायच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर काय होईल ते सांगायला नको. गार पाण्यात उडी मारू नका म्हणतात ते यासाठी. झाडीतून, खडकांच्या सावलीतून येणारे ओढे भर उन्हाळ्यातही चांगलेच गार असू शकतात, वरची हवा तापली म्हणजे पाणीही तापलं असं नसतं.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्त यांनी खूप थंड पाण्यासाठी एक हिशोब लोकप्रिय केलाय, १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, पुढची १० मिनिटं हातपाय नीट कामाचे असतात, आणि शुद्ध हरपण्याएवढं अंग गार पडायला साधारण १ तास. लोकांना वाटतं थंडीने गारठून माणूस जातो, पण तेवढी वेळच बहुतेकदा येत नाही, आधी श्वासाने घात होतो नाहीतर हातांनी. म्हणून आधी दहा मिनिटं सावलीत बसून घाम सुकू द्या, मग पाय, मग मनगटं आणि मानेवर पाणी मारा, मग हळूहळू आत. आणि चुकून पडलातच तर पोहायची घाई नको, पाठीवर तरंगत एक दोन मिनिटं काढा, श्वास आपला आपण जागेवर येतो. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्यांना मी काही सांगत नाही, ते हे सदर वाचत नसावेत.

मुलगी सहा वर्षांची. दंडाला लावायचे हवा भरलेले पट्टे, म्हणजे दंडपट्टे, आणि ट्यूब दोन्ही घेतलंय. आम्ही काठावर बसतो, ती ओरडली तर लगेच जाता येईल एवढंच अंतर असतं. पुरेसं आहे ना?
— एक बाबा

नाही पुरेसं, आणि अडचण त्या 'ओरडली तर' मध्येच आहे. बुडणारं माणूस ओरडत नाही. हात वर करून वाचवा वाचवा हे सिनेमात. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन लाइफगार्डने बुडणाऱ्या लोकांचं चित्रीकरण करून त्यांच्या हालचालींचा अभ्यास केला होता, त्यात दिसलं ते असं की माणूस पाण्यात उभा असतो, तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होत असतं, हात दोन्ही बाजूला पसरून पाणी दाबत असतात, त्यामुळे हात हलवून बोलवताही येत नाही, आणि श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कुठून. हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं आणि मग माणूस खाली जातो. तुम्ही मोबाइलमध्ये एक मेसेज वाचून उत्तर देईपर्यंत. खेळता खेळता मूल अचानक गप्प झालं तर आधी तिकडे बघायचं, गोंगाट चालू असेल तर उलट बरं.

सहा वर्षांच्या मुलीबरोबर मोठ्या माणसाने पाण्यात असायचं, हात लांब केला की ती लागली पाहिजे एवढ्या अंतरावर. दंडपट्टे आणि ट्यूब ही खेळणी आहेत, ती निसटतात, हवा जाते, आणि वाहत्या पाण्यात ट्यूब मुलाला घेऊनच निघते. घ्यायचंच तर तिच्या वजनाचं लाइफ जॅकेट घ्या, सगळे पट्टे लावून खांद्याला धरून वर उचलून बघा, जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते मोठं होतंय. आणि दोन चार कुटुंबं मिळून गेलात तर एक माणूस नुसतं बघायला नेमा, दर पंधरा वीस मिनिटांनी बदली. पाच मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यात लहान मुलं फार आहेत.

मला पोहता येत नाही. समोर कोणी गटांगळ्या खायला लागलं तर मी काय करू? नुसतं बघत बसू?
— नाव नको

बघत बसू नका, पण उडीही मारू नका. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते धरून त्यावर चढतो, ती त्याची चूक नसते, पण त्याच्याबरोबर तुम्हीही जाता.

काठावर आडवं पडून काठी पुढे करा, ट्रेकिंगची काठी, फांदी, ओढणी, दोन तीन शर्ट गाठ मारून. उभं राहून देऊ नका, ओढला जाल. हात पोचत नसेल तर तरंगणारं काहीतरी फेका, रिकामा पाच लिटरचा कॅन झाकण घट्ट लावून दिला तरी माणसाला तरंगत ठेवायला मदत होते, त्याला दोरी बांधलेली असेल तर उत्तम. दोरीचा एक गुंडाळा बॅगेत ठेवायला असं कितीसं वजन होतंय. ओरडून सांगा, पाठीवर हो, कॅन छातीशी धर. आणि दुसऱ्या कोणाला तरी इमर्जन्सी नंबर लावायला सांगा, ११२ खूप देशांत चालतो. पार्कात शिरताना तिथल्या पाटीवर पार्कचा स्वतःचा नंबर असेल तर त्याचा फोटो काढून ठेवलेला असावा, कारण रेंज असलेली जागा शोधण्यातच वेळ जातो.

बाहेर काढल्यावर माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढायच्या भानगडीत पडू नका, उलटं टांगणं, गोल फिरवणं तर नकोच. हे अजूनही सगळीकडे चालतं आणि याने उलटी होऊन तेच श्वासनलिकेत जातं, वर मोलाचा वेळ वाया. बुडालेल्या माणसाला हवा हवी असते. उताणं झोपवा, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने आधी ५ श्वास, मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाब, २ श्वास, पुन्हा ३०, मदत येईपर्यंत. मोठ्या माणसाला दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. वाचून हे जमत नाही हे खरं, एखाद्या रविवारी सीपीआरचं, म्हणजे हेच छाती दाबण्याचं आणि श्वास देण्याचं, ट्रेनिंग करून टाका. माणूस शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी हॉस्पिटलला न्यायचंच, फुप्फुसात पाणी गेलेलं असेल तर त्रास काही तासांनी वाढू शकतो.

आभाळ निरभ्र असताना ओढ्याला पूर येतो हे खरं का?

खरं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही, वर डोंगरात कुठेतरी पडला की पुरतं, ते पाणी अर्ध्या तासाने दोन तासाने तुमच्यापर्यंत येतं. खुणा असतात, नितळ पाणी गढूळ व्हायला लागतं, पानं काटक्या जास्त वाहून यायला लागतात, पाण्याचा आवाज बदलतो, कधी वरून गडगडल्यासारखं ऐकू येतं. मी पोचल्या पोचल्या पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवून ठेवते, काठी पाण्यात गेली की काहीही कारण न शोधता सगळ्यांना बाहेर. आणि पळायचं ते ओढ्याच्या दिशेने खाली नाही, बाजूला, उंचावर. पलीकडच्या काठावर चप्पल राहिलीये म्हणून ओलांडायला जाऊ नका हो, प्लीज. मोठ्या पावसानंतर दोन तीन दिवस तसंही पोहायचं टाळावं, सगळी घाण वाहून आलेली असते.

आमची मुलं ओढ्यात दगड रचून छोटं धरण करतात, दगडांचे मनोरे करतात. एक काका येऊन रागावले, पार्कात हे चालत नाही म्हणाले. दगडच तर आहेत, एवढं काय?

काका रागावले ते जरा जास्त झालं असेल, पण मुद्दा त्यांचा बरोबर. ओढ्यातला दगड उचलून त्याची खालची बाजू बघा. तिथे मेफ्लाय, कॅडिसफ्लाय या किड्यांच्या अळ्या चिकटलेल्या असतात, कॅडिसफ्लायची अळी तर वाळूचे कण, काड्या चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर करते, मुलांना भिंगातून दाखवा, धरणापेक्षा जास्त वेळ रमतील. या किड्यांना स्वच्छ, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं, म्हणून पाण्याची तब्येत तपासणारे लोक आधी त्यांनाच शोधतात. मासे, बेडूक यांवर जगतात. दगड बाहेर काढून रचला की उन्हात ते सगळं सुकून मरतं, आणि धरणामागचं पाणी थांबलं की गाळ बसतो. एक दगड उचलून बघितला आणि होता तसा, त्याच बाजूने, हळूच ठेवला तर काही बिघडत नाही. शंभर मुलांनी मनोरे रचले तर बिघडतं.

याच पत्रात खाली साबणाबद्दल विचारलंय. साबण, शाम्पू ओढ्यात नको, डब्यावर निसर्गात विरघळणारा असं लिहिलेलं असलं तरी नको, तो विरघळायला माती लागते. पाण्यापासून साधारण ६० मीटर लांब जाऊन धुवा. बेडूक कातडीतूनही श्वास घेतात, तुमच्या अंगावरचं क्रीम, डास पळवायचं औषध त्यांच्यापर्यंत जातं. ऊन लागतं तर पूर्ण बाह्यांचा पटकन सुकणारा टीशर्ट घाला, तेवढं क्रीम कमी लागेल.

आईबाबा सत्तरीच्या आसपास. पार्कच्या नकाशावर ८ किलोमीटरची पायवाट आहे, ३०० मीटर चढ. किती वेळ धरू?

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशोब अजून चालतो, ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. तुमचे ८ किलोमीटर म्हणजे १ तास ३६ मिनिटं, अधिक अर्धा तास, दोन तासांच्या जरा वर. पण तो दमदार माणसाचा, न थांबता चालायचा वेळ. सत्तरीच्या लोकांबरोबर, बसत उठत, फोटो काढत, मी दुप्पट धरेन, म्हणजे सव्वाचार तास, आणि पाण्यात बसायचा वेळ वेगळा. दुसरं म्हणजे पार्क बंद व्हायच्या वेळेपासून मागे मोजत या आणि अमुक वाजता कुठेही असलो तरी परत फिरायचं हे निघतानाच ठरवा. गुडघे दुखतात ते उतरताना, चढताना नाही, त्यामुळे काठ्या जाताना नको वाटल्या तरी न्या.

वाटेत चिखल असला तर बाजूच्या गवतावरून जावं ना?

नको, चिखलातूनच जा. सगळे बाजूने गेले की पायवाट दरवर्षी रुंद होत जाते आणि गवत, रोपं जातात. वळणावळणाच्या वाटेला मधूनच सरळ खाली उतरणाऱ्यांचंही तेच, त्या घसरणीतून पावसाचं पाणी धावतं आणि मातीच घेऊन जातं. बूट धुता येतात.

आता राहिलेले पटापट.

जेवून लगेच पोहलं तर पेटके येऊन बुडतो का? तसा पुरावा सापडलेला नाही. तुडुंब जेवून जड वाटत असेल तर थोडं थांबा, एवढंच.

कॉन्टॅक्ट लेन्स? काढून ठेवा. पाण्यातला अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्सखाली अडकला तर डोळ्याला वाईट इन्फेक्शन होतं.

झऱ्याचं पाणी प्यायलं तर? एवढं नितळ असतं. नितळ असतं, निर्जंतुक नसतं. वर कोणतं जनावर पाण्यात काय करून गेलंय ते दिसत नाही. खळखळ उकळी येऊन एक मिनिट उकळा, खूप उंचावर, २००० मीटरच्या वर, तीन मिनिटं. नाहीतर घरून न्या.

जळू लागली तर मीठ टाकायचं का? मीठ, लायटर काही नको, ती घाबरून पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोकाकडे कातडीला नख लावून आडवं सरकवा, सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, त्याने घाबरू नका, साबणाने धुवून दाबून धरा. गोचीड मात्र वेगळी, ती चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची, पिळायची नाही.

पायाला जखम आहे, पोहू का? नको. जनावरांच्या, विशेषतः उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले लेप्टोस्पायराचे जंतू जखमेतून आत शिरतात. ओढ्यात पोहून आल्यावर महिनाभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना पोहल्याचं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

नाकातून मेंदूत जाणाऱ्या अमीबाबद्दल वाचलं, भीती वाटते. नेग्लेरिया फाउलेरी. फार दुर्मिळ, पण झाला तर बहुतेक जीवघेणा. तो कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकात पाणी जोरात गेलं तरच धोका, गिळल्याने होत नाही. उन्हाने तापलेल्या डबक्यात डोकं बुडवू नका, तळाचा गाळ ढवळू नका, नाकाला क्लिप लावा.

कुत्र्याला ओढ्यात सोडलं तर चालेल? आधी पार्कचा नियम बघा, खूप ठिकाणी साखळी सक्तीची असते. साचलेल्या पाण्यावर हिरव्या रंगासारखा थर दिसला तर अजिबात नको, त्यातल्या निळ्याहिरव्या शेवाळाच्या विषाने कुत्री दगावतात. आणि पिसवा गोचिडांचं औषध नुकतंच पाठीवर लावलेलं असेल तर थोडे दिवस पाण्यात नेऊ नका. इंग्लंडमधल्या २० नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासले तेव्हा या औषधांतलं फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक जवळपास सगळ्यांत सापडलं होतं, आणि ते पाण्यातल्या किड्यांना फार थोडंसंही पुरतं. किती दिवस थांबायचं ते औषधाच्या पाकिटावर दिलेलं असतं, नसेल तर तुमच्या व्हेटना विचारा.